मधुमेह, डोळे आणि आनुवंशिकता



"आईचे डोळे मधुमेहाने गेले, आता माझेही जाणारच," असे म्हणणारे कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असते. "आमच्या घराण्यात कुणाचेच डोळे गेले नाहीत, मग मला कसली भीती?" असे म्हणणारेही भेटतात. ही दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत.

डोळ्याच्या मागच्या भागात दृष्टिपटल, म्हणजे पडदा असतो. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्या कमकुवत होऊन पाझरतात, काही बंद पडतात. मग प्राणवायू कमी पडल्यामुळे डोळा व्हीईजीएफ नावाचे प्रथिन अधिक तयार करतो व नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव झाला की दृष्टी जाऊ शकते. या विकाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

यात आनुवंशिकतेचा वाटा आहे का? आहे. लंडनमध्ये झालेल्या व १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रकार दोनचा मधुमेह असलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३७ जोड्यांपैकी ३५ जोड्यांमध्ये पडद्याची स्थिती जवळजवळ सारखी आढळली. चेन्नईच्या संशोधकांनाही २००२ साली असे दिसले की, एका भावंडाचा पडदा बिघडलेला असेल तर दुसऱ्या मधुमेही भावंडात हा विकार अधिक आढळतो. व्हीईजीएफ बनवणाऱ्या आणि पेशींतील साखरेवर प्रक्रिया करणाऱ्या जनुकांवर पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु एकेका जनुकाचा परिणाम लहान असतो आणि निष्कर्षही सर्व लोकसमूहांत सारखे येत नाहीत. म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी करून "तुमचे डोळे जाणार की राहणार" हे आज सांगता येत नाही.

मात्र आपल्या हातात काय आहे, ते निश्चित ठाऊक आहे. अमेरिका व कॅनडात प्रकार एकच्या १४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. सुरुवातीला पडदा निरोगी असलेल्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात हा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ साली ब्रिटनमधील अभ्यासाने रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचे महत्त्वही दाखवून दिले. म्हणजे वारसा बदलता येत नसला तरी त्याचा परिणाम पुष्कळसा रोखता येतो.

या विकाराची खरी अडचण अशी की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. ना दुखणे, ना अंधुकपणा. म्हणून प्रकार दोनचा मधुमेह कळताच आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाऊ नये. वेळीच निदान झाले तर लेसर व इंजेक्शनने बहुतेकांची दृष्टी वाचवता येते.

विद्यार्थ्यांनो, आजी-आजोबांना, काका-आत्यांना एवढेच विचारा, "डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेवटची केव्हा झाली?" घरात कुणाचा पडदा बिघडलेला असेल तर ही गोष्ट लपवू नका, मधुमेह असलेल्या भावंडांना अवश्य सांगा. त्या माहितीने घाबरायचे नाही, तर तपासणीची तारीख चुकवायची नाही.