डिस्कवरची जागा गेली कुठे? चित्र पाहून शोधा

दुकानातला किंवा कारखान्यातला संगणक भर गिऱ्हाइकीत बिल द्यायचा थांबला, तर पहिला संशय व्हायरसवर जातो. पुष्कळदा कारण अगदी साधे असते. हार्ड डिस्क भरलेली असते आणि नवी नोंद लिहायला जागाच उरलेली नसते. त्याच वेळी बॅकअप चालू असेल तर तोही अर्धवट राहतो. हिशेब, उधारीची खाती आणि नक्षीचे नमुने एकाच डिस्कवर ठेवणाऱ्या व्यापारी-कारागीर बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

युनिक्समध्ये आणि तिच्याच वळणाच्या लिनक्समध्ये यासाठी दोन जुन्या आज्ञा आहेत. ‘डीएफ’ संपूर्ण डिस्कचा हिशेब देते, ‘डीयू’ फोल्डरवार देते. अडचण अशी की ‘डीयू’चे उत्तर म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. हजारो ओळींतून फुगलेला फोल्डर शोधता शोधता माणूस बेजार होतो.

ही अडचण संगणकाच्या प्राध्यापकांनाही आली होती. १९९० साली अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक डिस्क १४ जण मिळून वापरत असत. ती भरली, पण जागा कोणी आणि कुठे व्यापली ते कळेना. भागीदारीच्या धंद्यात असेच होते! श्नायडरमन यांनी तोड काढली ती अशी: पूर्ण डिस्क म्हणजे एक मोठा चौकोन. त्यात फोल्डरचे चौकोन, त्यांच्या आत फाइलींचे, आणि जेवढी फाइल मोठी तेवढा तिचा चौकोन मोठा. ‘ट्रीमॅप’ या नावाने ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

आज लिनक्सवर ‘क्यूडिरस्टॅट’ हा प्रोग्राम असेच चौकोन दाखवतो. ‘फाइललाइट’ एकाबाहेर एक अशी गोल कडी काढतो. ‘बाओबाब’मध्ये दोन्ही प्रकार आहेत. तिन्ही फुकट मिळतात. फोल्डर निवडला की प्रोग्राम सर्व फाइली मोजतो (डिस्क मोठी असेल तर थोडे थांबावे लागते) आणि मग सर्वांत मोठ्या चौकोनावर माउस नेऊन टिचकी मारली की फाइलीचे नाव व जागा समोर येते. बहुधा सापडते ते हेच: एकाच बॅकअपच्या चार प्रती, मुलांनी उतरवलेले सिनेमे, किंवा ‘व्हार’ फोल्डरात वाढत गेलेल्या प्रणालीच्या रोजनोंदी.

साध्या वापरकर्त्याला जे फोल्डर उघडता येत नाहीत, ते चित्रात धरले जात नाहीत. सगळे पाहायचे तर ‘रूट’चा अधिकार लागतो. पण रूट होऊन पाहावे, त्याच खिडकीतून पुसू नये. रूटला काहीही पुसता येते, प्रणाली ज्यावर चालते त्या फाइलीसुद्धा. जुने नमुने आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत, तिथे एक-दोन उघडून पाहावेत, मगच मूळ प्रत काढावी. कचरापेटीत टाकलेली फाइलही जागा अडवतेच. पेटी रिकामी करावी लागते.

कधी चित्रातली बेरीज कमी भरते, तरी ‘डीएफ’ म्हणते जागा नाही. त्याची दोन कारणे असतात. लिनक्सची ‘ईएक्सटी ४’ ही रचना सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १ टेराबाइटच्या डिस्कवर ती ५० गिगाबाइटच्या आसपास होते. दुसरे कारण अधिक चकवणारे. एखादा प्रोग्राम फाइल उघडून बसलेला असताना ती पुसली, तर नाव जाते पण जागा सुटत नाही. चित्रात ती दिसणार नाही. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते.