यादीत नाव नसलेली माणसं

२६ सप्टेंबर २०१६. न्यूयॉर्कजवळच्या हॉफस्ट्रा विद्यापीठात हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदा समोरासमोर वादाला उभे राहिले. दीड तासाचा कार्यक्रम. त्याच वेळी जगभरच्या चलन व्यापाऱ्यांच्या पडद्यांवर एक आकडा हलत होता, मेक्सिकोच्या पेसोचा. क्लिंटन यांची सरशी होतेय असं वाटू लागलं आणि पेसो वधारला. वाद अजून चालूच होता! जिंकलं कोण, यावर टीव्हीवरच्या जाणकारांची चर्चा सुरू व्हायच्या आत एका परक्या देशाच्या चलनानं कौल देऊनही टाकला होता.

हे कसं घडतं? मेक्सिकोच्या निर्यातीतला सुमारे ८० टक्के माल अमेरिकेत जातो. ट्रम्प तर सीमेवर भिंत बांधू, नाफ्टा हा मुक्त व्यापार करार मोडू असं सांगत फिरत होते. म्हणजे ते जिंकणार असं वाटलं की पेसो विका, हरणार असं वाटलं की घ्या. पेसोची खरेदी-विक्री दिवसरात्र चालते, त्यामुळे ज्यांचा मेक्सिकोशी काडीचा संबंध नाही तेसुद्धा अमेरिकी निकालावरचा आपला अंदाज पेसोतूनच मांडू लागले. ८ नोव्हेंबरच्या रात्री फ्लोरिडाचे आकडे येऊ लागले तसा पेसो घसरत गेला आणि इतिहासात पहिल्यांदा डॉलरमागे २० चा टप्पा ओलांडून गेला. विजेत्याचं नाव जाहीर व्हायला अजून काही तास होते.

तेव्हा आपल्याकडे बुधवारची सकाळ झाली होती. आदल्या रात्रीच ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झालेल्या. त्यात ट्रम्प यांच्या आघाडीच्या या बातम्या! मुंबईचा शेअर बाजार उघडला तो सेन्सेक्सची दीड हजारांहून जास्त अंकांची आपटी घेऊनच, आणि बंद होईपर्यंत तो बराचसा सावरलाही. त्या घसरणीतला नोटाबंदीचा वाटा किती आणि अमेरिकेतल्या मिशिगन-विस्कॉन्सिन राज्यांच्या मतदारांचा किती, हे कोणी वेगळं काढून दाखवावं!

पण बाजार म्हणजे पैशाचं मत. माणसांचं काय? जगातल्या साध्या माणसांना अमेरिकेत कोण हवं असतं, हे कळतं तरी कसं?

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशीच. एकेका देशात साधारण हजारभर माणसं निवडायची, आणि ती अशी की शहर-खेडं, स्त्री-पुरुष, म्हातारे-तरुण सगळे त्यांत प्रमाणात यावेत. मग प्रत्येकाला त्याच्या भाषेत तोच प्रश्न विचारायचा. २००४ मध्ये ३५ देशांत असं विचारलं गेलं की अध्यक्ष बुश हवेत की त्यांचे प्रतिस्पर्धी केरी. ३० देशांत केरी पुढे निघाले. बुश यांना पसंती देणारे देश तीनच निघाले: पोलंड, नायजेरिया आणि फिलिपिन्स. भारताचा कौल दुभंगलेला होता.

निवडणूक मात्र बुश जिंकले.

२००८ मध्ये ओबामा उभे राहिले आणि वाटलं, सगळं जग एका बाजूला उभं आहे. जुलैत बर्लिनच्या विजयस्तंभापाशी त्यांना ऐकायला सुमारे दोन लाख लोक जमले. दुसऱ्या देशातल्या उमेदवाराच्या सभेला दोन लाख! ते जिंकले तेव्हा केनियानं ६ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली, कारण त्यांच्या वडिलांचं गाव तिथलं. पण त्याच वर्षी गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं ७० देशांत विचारणा केली, तेव्हा काय निघालं असेल? ओबामांना २४ टक्के, त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांना ७ टक्के. उरलेल्या ६९ टक्क्यांनी पसंती सांगितलीच नाही. बर्लिनची गर्दी खरी होती, आणि दोघांपैकी कोणाचीच बाजू न घेणारी ही कितीतरी मोठी गर्दीही तितकीच खरी होती.

त्या यादीतला एक छोटा देश माझ्या डोक्यातून जात नाही. जॉर्जिया. अमेरिकेतलं राज्य नव्हे, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला देश. तिथे मॅकेन पुढे होते. का, याचा अंदाज बांधता येतो: त्याच ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे जॉर्जियात शिरले होते आणि रशियाविरुद्ध दोघांपैकी जास्त कडक भाषा मॅकेन यांची होती. आता २००४ चा पोलंड आठवून पाहा. त्याचाही शेजारी रशियाच. मेक्सिको पाहतो ते भिंतीकडे, इस्रायल इराणकडे. मला यातली सगळ्यांत अचंब्याची गोष्ट हीच वाटते: ज्याला आपण जगाचं मत म्हणतो, त्यात प्रत्येक देश अमेरिकी उमेदवाराच्या आडून स्वतःच्या शेजाऱ्याबद्दल बोलत असतो.

आणि हे मत किती झपाट्यानं उलटावं? प्यू संशोधन केंद्र देशोदेशी विचारतं की जगाच्या कारभारात अमेरिकी अध्यक्ष योग्य तेच करतील असा तुम्हाला भरवसा आहे का. २००८ मध्ये बुश यांच्याबद्दल ‘आहे’ म्हणणारे जर्मन होते १४ टक्के. २००९ मध्ये ओबामांबद्दल, ९३ टक्के! वर्षभरात लोक तेच, अमेरिकी सैन्याचे तळ तेच. बदलला तो माणूस. इस्रायलमध्ये मात्र बुश ते ओबामा या बदलात तोच आकडा ५७ वरून ५६ वर आला, म्हणजे जागचा हललाच नाही.

मग इतकं ठाम मत असणाऱ्यांपैकी कोणी थेट मतदाराचंच दार ठोठावलं तर? २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या दैनिकानं नेमकं तेच केलं.

त्यासाठी आधी अमेरिकी निवडणुकीचं यंत्र समजून घ्यायला हवं. तिथे देशभरची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. राज्यांना वाटून दिलेली ५३८ निर्वाचक मतं असतात, त्यांतली २७० मिळवायची. बहुतेक राज्यांत जो एका मतानं पुढे, त्याला राज्याची सगळी निर्वाचक मतं. म्हणून २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला. २०१६ मध्ये तीन राज्यांतली मिळून सुमारे ७८,००० मतं निर्णायक ठरली. एवढ्यांत एखादं मध्यम शहरही बसत नाही!

‘गार्डियन’नं असाच एक नाजूक बिंदू शोधला: ओहायो राज्यातली क्लार्क काउंटी, मुख्य शहर स्प्रिंगफील्ड. २००० मध्ये बुश यांचे प्रतिस्पर्धी अल गोर तिथे फक्त ३२४ मतांनी पुढे होते. दैनिकानं काउंटीच्या निवडणूक कार्यालयातून मतदारयादी विकत घेतली, अवघ्या २५ डॉलरना. वाचकानं नाव नोंदवायचं, त्याला स्प्रिंगफील्ड परिसरातल्या एका मतदाराचं नाव-पत्ता मिळायचा. मग बसा पत्र लिहायला: तुमच्या मताचा आमच्या आयुष्यावर असा असा परिणाम होतो, कृपया विचार करा. दहा हजारांहून जास्त लोकांनी पत्ते मागितले. जॉन ल कॅरे, अँटोनिया फ्रेझर, रिचर्ड डॉकिन्स या नामवंत ब्रिटिश लेखकांची पत्रं तर दैनिकातच छापून आली.

ओहायोतल्या एखाद्या घराची टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. विजेचं बिल, दुकानाची जाहिरात, आणि त्यांत इंग्लंडच्या राणीचं तिकीट लावलेलं एका अनोळखी माणसाचं पाकीट. आत सुरेख भाषेत विनंती की अमुक माणसाला मत देऊ नका. अमेरिका भडकली. दैनिकाकडे संतापाच्या ईमेलांचा पूर लोटला, आणि ज्या राजवटीपासून आम्ही १७७६ मध्ये सुटलो तिथून आता आम्हाला शिकवणी नको, असा बहुतेकांचा सूर होता. पत्ते वाटणं थांबवावं लागलं.

निकाल लागला. क्लार्क काउंटीत बुश दीड हजारांहून जास्त मतांनी जिंकले. २००० मध्ये गोर यांनी जिंकलेल्या ओहायोतल्या काउंट्यांपैकी बुश यांच्याकडे गेलेली ही एकटीच. पत्रांमुळेच असं झालं, हे सिद्ध करता येणार नाही. पण ओहायोची २० निर्वाचक मतं गेली असती तर बुश २७० च्या खाली आले असते, हे मात्र गणितानं पक्कं आहे. ‘गार्डियन’नं गाव अचूक हेरलं होतं. तिथल्या माणसांच्या स्वाभिमानाचा अंदाज तेवढा चुकला.

आणि हेच स्प्रिंगफील्ड २० वर्षांनी पुन्हा जगाच्या तोंडी आलं! १० सप्टेंबर २०२४ च्या वादात ट्रम्प यांनी तिथल्या हैतीहून आलेल्या स्थलांतरितांवर शेजाऱ्यांचे पाळीव प्राणी खाल्ल्याचा निराधार आरोप केला. ज्यांच्यावरून निवडणूक तापली, त्यांतल्या बहुतेकांना त्या निवडणुकीत मताचा अधिकार नव्हता.

अशी माणसं आपल्याही ओळखीत असतात. एच-१बी व्हिसावर गेलेलं पुण्या-नाशिकचं जोडपं घ्या. तिथे दरवर्षी मिळणाऱ्या नोकरीच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त येत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. कर भरायचा, घराचे हप्ते भरायचे, पण मत नाही. तिथेच जन्मलेली मुलगी मात्र १८ वर्षांची झाली की मतदार. एकाच घरात आईबाबांचं म्हणणं आणि मुलीची मतपत्रिका! व्हिसाचे नियम कोण बदलणार यावर त्या जेवणाच्या टेबलाशी होणारी चर्चा बर्लिनच्या सभेइतकीच कळकळीची असते.

शेवटी गुआमबद्दल सांगायलाच हवं. प्रशांत महासागरातलं हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथे जन्मलेले लोक अमेरिकी नागरिक आहेत, अमेरिकेच्या सैन्यात भरती होतात. पण गुआम हे राज्य नाही, म्हणून निर्वाचक मतं शून्य. मग तिथले लोक काय करतात? १९८० पासून ते आपल्या स्थानिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवरच अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं छापतात, खुणा करतात आणि रीतसर मोजतात. नोव्हेंबरमध्ये बेटाचं घड्याळ वॉशिंग्टनच्या १५ तास पुढे असल्यानं त्यांचा निकाल मुख्य भूमीच्या खूप आधी लागतो. १९८४ ते २०१२ या आठही निवडणुकांत गुआमनं निवडलेला उमेदवारच अध्यक्ष झाला. २०१६ मध्ये त्यांनी क्लिंटन यांना निवडलं, २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना. दोन्ही वेळा अमेरिकेनं वेगळाच निकाल दिला. अध्यक्षपदाच्या मोजणीत यातलं एकही मत धरलं जात नाही, आणि तरीही दर चार वर्षांनी गुआमच्या मतपत्रिकेवर ती नावं छापली जातात.