घरबसल्या कामाचे आमिष

नामांकित कंपनीच्या पिशवीत बनावट बियाणे भरून विकणारा भामटा शेतकऱ्यांस अपरिचित नाही. पिशवी पाहून विश्वास बसतो. बी उगवत नाही, तेव्हा फसवणूक ध्यानी येते. हाच प्रकार आता मोबाइलवर येणाऱ्या ‘घरबसल्या काम’ या संदेशांतून होत आहे.

सुगी सरली म्हणजे अनेक घरांतील हात रिकामे राहतात. जोडधंद्याची इच्छा रास्तच होय. भामटे तिचाच लाभ उठवितात. प्रसिद्ध कंपनीचे नाव व बोधचिन्ह लावून व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो. काम सोपे असते : व्हिडिओ पसंत करणे, हॉटेलास चांगला अभिप्राय देणे. आरंभी थोडी रक्कम खात्यात खरोखर जमा होते. ते गळाला लावलेले गांडूळ होय. पुढे टेलिग्रामवरील गटात घेऊन, अधिक मिळकतीसाठी आधी पैसे भरावयास सांगतात. पडद्यावर नफ्याचे आकडे फुगतात. परंतु पैसे काढू जाता ‘आधी कर भरा’ अशी नवी मागणी होते. अखेर मुद्दलही जाते. ते मुद्दल पीककर्जाचे असल्यास येत्या हंगामाचे बी व खतच गेले, असे समजावे.

डिसेंबर २०२३ मध्ये अशा फसवणुकीतील शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने बंद केली. निवृत्त कर्मचारी, स्त्रिया व बेकार तरुण हे भामट्यांचे मुख्य लक्ष्य असल्याचे तेव्हा गृहमंत्रालयाने सांगितले. परंतु तण एकदा उपटून संपत नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. काम देणारा मजुरी देतो, मागत नाही. कामासाठी पैसे मागितले की तेथेच थांबावे.

२. संदेशातील दुव्यावर विसंबू नये. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः शोधून खात्री करावी.

३. आपले बँक खाते कोणासही वापरावयास देऊ नये. लुटीचा पैसा त्यातून फिरल्यास चौकशी खातेदाराचीच होते.

४. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेस सूचना द्यावी. पैसा पुढील खात्यांत जाण्यापूर्वी तक्रार झाली, तर तो अडविता येण्याचा संभव असतो. संदेश व व्यवहार क्रमांक जपून ठेवावेत.

फसलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो आणि त्यातच मोलाचा वेळ जातो. ग्रामसेवकांनी अशा व्यक्तीस दोष न देता प्रथम तक्रार नोंदविण्यास साह्य करावे, आणि हे चार नियम येत्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत.