जुलाबाची लस : ६,७९९ बाळांच्या चाचणीने काय सिद्ध झाले?

चाचणीचे एक केंद्र पुणे जिल्ह्यातच होते. ५४ टक्क्यांचा नेमका अर्थ मात्र फारसा सांगितला गेला नाही

पिंपरी पेंढार (ता. जुन्नर) : कल्याण-नगर महामार्गालगतचे पिंपरी पेंढार असो वा पुणे शहरातील एखादी वसाहत, बाळ सहा आठवड्यांचे झाले की लसीकरणाच्या दिवशी त्याला सुईबरोबरच तोंडावाटेही एक लस दिली जाते. दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तिच्या आणखी दोन मात्रा दिल्या जातात. ही रोटाव्हायरसवरील लस. पोटाच्या ज्या विषाणूसंसर्गामुळे लहान बाळांना उलट्या व पाण्यासारखे जुलाब होतात आणि काही तासांतच शरीरातील पाणी आटते, त्या संसर्गाची तीव्रता रोखणे हे तिचे काम. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात ही लस मोफत दिली जाते. देशात यासाठी मुख्यतः दोन स्वदेशी लशी वापरल्या गेल्या : हैदराबादच्या भारत बायोटेकची 'रोटावॅक' आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल'.

यांपैकी पहिल्या लशीची अंतिम परीक्षा ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांतील एक ठिकाण पुणे जिल्ह्यात होते, याची जाणीव जिल्ह्यातील फार थोड्या पालकांना असेल. शिरूर तालुक्यातील वढू येथे केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाने गावोगावच्या कुटुंबांशी दीर्घकाळ संबंध राखला. त्या विश्वासावरच २०११ मध्ये तेथे या चाचणीचे काम सुरू झाले.

दिल्लीतील बाळापासून वढूपर्यंत

या लशीचे मूळ दिल्लीत आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८०च्या दशकाच्या मध्यास नवजात बाळांच्या मलात रोटाव्हायरसचा एक प्रकार आढळला. बाळांना संसर्ग झाला होता, पण जुलाब झालेले नव्हते. अशा बाळांना पुढे रोटाव्हायरसच्या तीव्र आजारापासून काहीसे संरक्षण मिळते, असे डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. '११६ई' या नावाने ओळखला जाणारा हाच विषाणू लशीचा आधार ठरला. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, भारत बायोटेक आणि अनेक देशी-परदेशी संस्था यांनी मिळून त्यावर पुढील काम केले. कारण स्पष्ट होते. लस येण्यापूर्वीच्या एका अंदाजानुसार देशात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार बालके रोटाव्हायरसमुळे दगावत होती. परदेशी लशी खासगी दवाखान्यात मिळत; पण त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती.

तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत ६,७९९ बाळे सहभागी झाली. त्यांतील ३,७९९ दिल्लीतील, तर प्रत्येकी १,५०० पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील आणि तमिळनाडूतील वेल्लोरची होती. त्यांची दोन गटांत चिठ्ठी पद्धतीने विभागणी करण्यात आली. ४,५३२ बाळांना लस मिळाली, तर २,२६७ बाळांना दिसायला तसाच, पण लस नसलेला द्राव देण्यात आला. यालाच प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळाले हे पालकांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. 'आपल्या बाळाला लस मिळाली आहे' या समजुतीने आजाराची नोंद कमी-अधिक होऊ नये, एवढ्यासाठीच ही खबरदारी घेतली जाते. बाळे दोन वर्षांची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा करण्यात आला.

५४ टक्के म्हणजे नेमके काय?

चाचणीचे निष्कर्ष मे २०१३ मध्ये जाहीर झाले आणि २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाले. तीव्र रोटाव्हायरस जुलाबांविरुद्ध लशीची परिणामकारकता ५३.६ टक्के भरली. आयुष्याच्या पहिल्या वर्षापुरती ती ५६.४ टक्के होती.

हा आकडा वाचताना बहुतेकांची एक गल्लत होते. शंभर बाळांपैकी ५४ सुरक्षित आणि ४६ असुरक्षित, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो बरोबर नाही. लस न मिळालेल्या गटात दर शंभर बालवर्षांमागे, म्हणजे शंभर बाळांवर प्रत्येकी एक वर्ष लक्ष ठेवले असता, तीव्र आजाराच्या ३.२ घटना घडल्या. लस मिळालेल्या गटात हे प्रमाण १.५ होते. प्रत्यक्ष संख्या सांगायची तर मोठ्या गटात ७१ आणि त्याच्या निम्म्या आकाराच्या गटात ७६ घटना घडल्या. लस नसती तर जेवढी बाळे गंभीर झाली असती, त्यांतील निम्म्याहून अधिकांचे दुखणे टळले, एवढाच या टक्केवारीचा अर्थ. दोन्ही गटांतील बहुसंख्य बाळांना तीव्र आजार झालाच नाही.

याच आकडेवारीतून आणखी एक उपयुक्त संख्या निघते. तीव्र आजाराची एक घटना टाळण्यासाठी सुमारे ५५ बाळांना लस द्यावी लागते. एका गावापुरते पाहिले तर हा लाभ डोळ्यांना दिसणारही नाही. देशात दरवर्षी जन्मणाऱ्या कोट्यवधी बाळांना तोच हिशेब लावला की त्याचे मोल उमगते.

आकड्यामागची अनिश्चितताही पाहावी लागते. खरी परिणामकारकता ३५ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, असे संशोधकांनीच नमूद केले आहे. शिवाय जुलाबांची कारणे अनेक असतात. दूषित पाण्यातील जिवाणू व अन्य विषाणूंवर ही लस काम करीत नाही. त्यामुळे लस दिलेल्या बाळाला जुलाब झाले, म्हणजे लस वाया गेली, असे म्हणता येत नाही.

'रोटासिल'ची भारतातील चाचणी ७,५०० बाळांवर झाली. दोन वर्षांच्या पाठपुराव्याअंती तिची परिणामकारकता सुमारे ३९.५ टक्के आढळली. आफ्रिकेतील नायजर देशात मात्र त्याच लशीने ६६.७ टक्के संरक्षण दिले. एकाच लशीचे दोन ठिकाणी इतके भिन्न निकाल येतात, यावरून वेगवेगळ्या चाचण्यांतील टक्केवारी शेजारी मांडून कोणती लस सरस ते ठरवणे किती धोक्याचे आहे, हे दिसून येते. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या या लशी श्रीमंत देशांत अधिक आणि गरीब देशांत कमी प्रभावी ठरतात, हा जगभरचा अनुभव आहे. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये, कुपोषण आणि आतड्यातील वारंवारचे संसर्ग ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

चाचणी जे सांगू शकत नाही

परिणामकारकतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली रोटाव्हायरसवरील पहिली लस पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडथळा निर्माण होण्याची, इंटससेप्शन नावाची दुर्मीळ पण गंभीर व्याधी तिच्यामुळे काही बाळांत उद्भवल्याचे दिसले. हे प्रमाण साधारण दहा हजारांत एक एवढे होते. इतकी दुर्मीळ गोष्ट सात हजारांहून कमी बाळांच्या चाचणीत ठामपणे पकडणे संख्याशास्त्रदृष्ट्या शक्य नसते. म्हणूनच नंतरच्या दोन परदेशी लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या.

भारतीय चाचणीच्या २०१४च्या अहवालात लस मिळालेल्या गटात या व्याधीच्या सहा आणि प्लासिबो गटात दोन घटना नोंदल्या आहेत. सर्व घटना तिसऱ्या मात्रेनंतरच्या होत्या. पहिला गट दुसऱ्याच्या दुप्पट होता, हे ध्यानात घेता फरक मोठा नाही. पण एवढ्या लहान संख्येवरून निर्वाळाही देता येत नाही. केंद्रनिहाय आकडे, विशेषतः वेल्लोरचे, खुले करावेत अशी मागणी काही डॉक्टर व कार्यकर्त्यांनी केली आणि त्यावरून बराच वाद झाला. लस प्रत्यक्ष वापरात आल्यावर २०१६ ते २०१९ या काळात देशातील अनेक रुग्णालयांत या व्याधीवर स्वतंत्र देखरेख ठेवण्यात आली. 'रोटावॅक'मुळे तिचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पालकांच्या मनातील या शंकेचे समाधानकारक उत्तर मिळायला चाचणी संपल्यानंतरही काही वर्षे जावी लागली.

चाचणीच्या काळात लस गटातील २५ आणि प्लासिबो गटातील १७ बालके दगावली. त्यांतील एकही मृत्यू लशीशी संबंधित मानला गेला नाही. आकडा लपवलेला नाही, तो अहवालात आहे. मात्र ही चाचणी मृत्यूंचे प्रमाण मोजण्यासाठी आखलेली नव्हती, त्यामुळे त्यावरून कोणत्याच बाजूचा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

सही कशावर करायची?

या चाचणीचा काळ संशयाचा होता. आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० मध्ये सरकारला थांबवावा लागला होता. अनेक मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृह-प्रमुखांच्या सह्या घेतल्याचे त्या वेळी उघड झाले. पुढे चाचण्यांतील गैरप्रकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये संमतीच्या प्रक्रियेचे दृक्-श्राव्य चित्रण करण्याचे आदेश निघाले. भरपाईचे नियमही त्याच वर्षी कडक झाले.

आज देशात २०१९चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम लागू आहेत. चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झालेल्या पालकांना काही गोष्टी हक्काने विचारता येतात. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत झाली आहे काय? नोंदणीकृत नीतिमत्ता समितीने तिला मान्यता दिली आहे काय? आपल्या बाळाला प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई कोण देणार? कोणतेही कारण न देता चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, आणि तसे केल्याने नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, हेही पालकांना समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे.

याच्या जोडीला आणखी एक हक्क आहे, तो निकाल कळण्याचा. सहभागी व्यक्तींना अभ्यासाचे निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळावी, असे वैद्यकीय संशोधनाविषयीची हेलसिंकी घोषणा सांगते. इंग्रजी नियतकालिकात अहवाल छापला गेला, म्हणजे ज्या घरातील बाळाने दोन वर्षे चाचणीला दिली, त्या घरापर्यंत तो पोहोचला असे होत नाही.

'रोटावॅक'ला जानेवारी २०१४ मध्ये परवाना मिळाला. सरकारला ती साधारण ५४ रुपयांना एक मात्रा या दराने देण्याची घोषणा उत्पादकाने केली होती. मार्च २०१६ मध्ये चार राज्यांतून सरकारी लसीकरणात तिचा प्रारंभ झाला आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही मिळाली. परवाना मिळाला तेव्हा चाचणीतील बाळे एक वर्षाच्या पुढे गेली होती. लशीची पहिली मात्रा घेण्याचे वय त्यांनी ओलांडले होते. प्लासिबो गटातील त्या २,२६७ बाळांना या लशीचा लाभ मिळाला नाही. त्यांच्यातील ७६ घटनांची नोंद नसती, तर लस मिळालेल्यांतील ७१ घटनांना काही अर्थच उरला नसता.

लस घेतल्यानंतरही बाळाला जुलाब झाल्यास जीवनरक्षक क्षारद्राव म्हणजे ओआरएस, डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक आणि चालू ठेवलेले स्तनपान हाच मुख्य उपचार आहे. विषाणूजन्य जुलाबांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा जुलाबात रक्त दिसले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठणे आवश्यक आहे.