बॉनेटखाली इंजिन नसलेली गाडी

सेकंडहँड गाडी बघायला जाताना सोबत एक जाणता माणूस न्यायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत. १९८० च्या सुमारास माझ्या मेव्हण्यांनी जुनी फियाट घ्यायचे ठरवले. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघण्याचा तो काळ. त्यामुळे जुन्या गाडीलाही भाव होता आणि तिच्या मालकाला तर त्याहून जास्त. आम्ही पुण्याच्या नाना पेठेतले एक मिस्त्री सोबत नेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर बोटांनी टकटक करत पुट्टी कुठे भरली आहे ते ऐकले. मग बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, ऑइलचा थेंब चिमटीत चोळला आणि चक्क वास घेतला. मालक शेजारी उभा राहून गाडी किती कमी चालली आहे ते सांगत होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलेही नाही.

हे सगळे आठवायचे कारण घडले न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, २०२४ च्या सप्टेंबरात. त्याच मेव्हण्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिथे असतो. वय बेचाळीस, दोन मुलांचा बाप. मी महिनाभर त्याच्याकडे राहायला गेलो होतो. एके रात्री जेवणे झाल्यावर त्याने लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर गडद निळ्या रंगाची, छत उघडलेली पोर्शे बॉक्स्टर. २००३ चे मॉडेल, किंमत १२ हजार डॉलर.

"मामा, नवी घ्यायची म्हणजे घर गहाण टाकावं लागेल. आणि ही बघ, जुन्या टोयोटाच्या भावात मिळतेय!"

भाचेसून ओटा आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "मामा, चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी येतेय. येऊ दे. पण पुढच्या वर्षी मोठीचं कॉलेज सुरू होतंय. बारा हजार दिले. इंजिन गेलं तर त्यावर एक डॉलर मिळायचा नाही, हे तुमच्यासमोर सांगून ठेवते."

एवढी नावाजलेली गाडी एवढी स्वस्त का, हा प्रश्न मलाही पडलाच होता. त्याचे उत्तर एका मोठ्या पेढ्याएवढ्या बेअरिंगमध्ये आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनीची आर्थिक अवस्था बिकट होती. खप घसरला होता, गाडी बनवण्याचा खर्च वाढला होता. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रे हाती घेतली आणि टोयोटाच्या पद्धती जाणणारे जपानी सल्लागार कारखान्यात आणले. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टरचा नमुना लोकांसमोर आला, १९९६ मध्ये गाडी बाजारात आली आणि तिने कंपनीला सावरायला मोठा हात दिला. आडव्या सिलिंडरचे 'बॉक्सर' इंजिन आणि उघडी 'रोडस्टर' गाडी, या दोन शब्दांची सांगड म्हणजे बॉक्स्टर. इंजिन सीटच्या पाठीमागे, जवळजवळ गाडीच्या मध्यावर. वळणावर ती जी तोल सांभाळते, तो त्याचाच गुण.

या इंजिनात एक मधला दांडा असतो. क्रँकशाफ्ट त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांच्या मदतीने दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हचा ताल सांभाळतो. दांड्याच्या एका टोकाला हे बेअरिंग. ते आत ग्रीस भरून सीलबंद केलेले. वर्षे गेली की सील कडक होते, इंजिनचे ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन नेते. पण ताजे ऑइल मात्र आत खेळत नाही. बेअरिंग तुटले की ताल चुकतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग दुरुस्ती कसली, दुसरे इंजिनच. त्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीहूनही जास्त होऊ शकतो. यावरून अमेरिकेत सामुदायिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. ती मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्यांपुरती, आणि तिला वयाची व मैलांची मर्यादा होती. भाच्याची गाडी त्याच काळातली, पण मुदत केव्हाच उलटून गेलेली. आता जे होईल ते स्वतःच्या खिशातून.

आता याकडे बघायचे कसे? दाव्याच्या निमित्ताने जे आकडे चर्चेत आले, ते या काळातल्या शंभरातल्या आठ-दहा गाड्यांच्या आसपासचे होते. म्हणजे नव्वद गाड्यांना काही झाले नाही. पण बाजाराला आठ-दहाच आठवतात, आणि म्हणून सगळ्या शंभरांचा भाव पडतो. घेणाऱ्याचा फायदा होतो तो इथेच, आणि फसगतही इथेच.

भाच्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. पहिली ती निळी, अवघी ३१ हजार मैल चाललेली. "फक्त रविवारी बाहेर काढायचो, एरवी कव्हर घालून ठेवलेली," मालक सांगत होता. दुसरी करड्या रंगाची, ९४ हजार मैल चाललेली, आणि वर किंमत साडेतेरा हजार! मालकीण निवृत्त शिक्षिका. शाळेत रोज हीच गाडी घेऊन जायच्या. निळीसमोर करडी म्हणजे सोन्याच्या दुकानात पितळेचे भांडे.

आमच्या मिस्त्रींचे स्मरण करून मी निळीच्या मालकाला जरा रुबाबातच म्हणालो, "बॉनेट उघडा." त्याने उघडले. आत स्टेपनी आणि बॅग ठेवायची जागा. मागचे झाकण उघडले तर तिथेही डिकीच. इंजिन बघायचे तर छत वर करून, आच्छादने काढून बघावे लागते. माझे सगळे ज्ञान तिथेच संपले, तेव्हा फक्त या गाड्यांचेच काम करणारा एक मेकॅनिक गाठला. दोन्ही गाड्या तपासायचे त्याने सातशे डॉलर सांगितले. भाच्याने जरा तोंड वाकडे केले. भाचेसुनेने नाही.

त्याने आधीच सांगून टाकले, "ते बेअरिंग मला बाहेरून दिसत नाही. दिसतं असं कोणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका." पण त्याच्या खुणा तो शोधत होता. ऑइल फिल्टर काढून त्याच्या कागदी घड्या उलगडल्या आणि दिव्याखाली धरून धातूची चमक दिसते का ते बघितले. कंप्यूटर जोडून इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा पळवले गेले त्याची नोंद वाचली. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. निळीच्या टायरवर १११२. म्हणजे २०१२ सालच्या अकराव्या आठवड्यातले टायर, नक्षी मात्र नव्यासारखी! फिल्टर स्वच्छ होता, पण ऑइल कधी बदलले त्याचा एकही कागद नाही. उभ्या गाडीतल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साठत जाते. या बेअरिंगला रोज पळण्यापेक्षा असे बसून राहणेच जास्त बाधते, असे त्याचे मत होते. या इंजिनांवर काम करणारे बरेच जण तेच सांगतात.

करडीच्या सीटची कड फाटलेली, गिअरबॉक्सच्या सांध्याशी ऑइल पाझरल्याचा डाग. पण तिच्याबरोबर एक जाडजूड फाइल आली. दर पाच हजार मैलांना ऑइल. २०१५ साली क्लच बदलताना, गिअरबॉक्स उतरलेलाच होता म्हणून, ते बेअरिंगही बदललेले. भागाच्या नंबरासकट पावती. ही फाइल भाचेसुनेने रात्री मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचली. ती अकाउंटंट आहे. "यात २०१८ ते २०२० काहीच नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन लावला. बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, नवरा आजारी होता, तो गेला. गाडी गॅरेजमध्येच होती, पुन्हा काढली तेव्हा आधी ऑइल बदलले. ती पावती २०२० सालच्या पहिल्याच पानावर होती. भाचेसुनेने किमतीवर घासाघीस करायची म्हणून फोन केला होता. त्या दिवशी तिने किमतीचा विषयच काढला नाही.

या सगळ्यात माझदाच्या मिआताचे नाव मी दोनदा पुढे केले. १९८९ पासून निघणारी ही छोटी उघडी गाडी टिकाऊपणाबद्दल नावाजलेली. तिच्याही अगदी पहिल्या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या टोकाची कमजोरी होतीच, पण एकूण डोक्याला ताप नाही. भाच्याने ऐकून घेतले. "मामा, ती चांगली आहे रे. पण रात्री झोपताना ती डोळ्यांसमोर येत नाही." यावर काय बोलणार? निव्वळ भरवसा हवा असेल तर त्याच्या दारात टोयोटा उभी होतीच.

शेवटी मी हिशेब मांडला तो असा. निळीचे बारा हजार. त्यावर क्लच, बेअरिंग, टायर धरले तर किमान चार हजार आणखी, आणि तोवर जीव टांगणीला. करडीचा मोठा खर्च दुसऱ्या कोणी आधीच केलेला. मैल तिप्पट असूनही तीच स्वस्त. आठवडाभराने भाचेसुनेने परत फोन केला, सीट आणि ऑइलचा डाग दाखवून सव्वातेरा हजारांना सौदा ठरवला, आणि वरचे सव्वा हजार घरखर्चातून कुठून काढले ते आम्हाला शेवटपर्यंत सांगितले नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी तिने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले. संध्याकाळी पुण्याला फोन लावला. मेव्हण्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून मीच मोठ्याने सगळे सांगितले.

"बॉनेट उघडून नीट बघितलंत ना?" त्यांनी विचारले.

"बघितलं," मी म्हणालो. "आत स्टेपनी होती."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "फोन जरा त्याच्याकडे द्या."