तरुणपणीचा कंपवात आणि मेंदूतील प्रथिने

कंपवात हा केवळ वार्धक्यातील विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले व पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. तथापि काही कुटुंबांत तो चाळिशीच्या आत, क्वचित शाळकरी वयातही उद्भवतो. हात थरथरू लागतात, हालचाली मंदावतात, पाऊल ओढले जाते. अशा तरुणास कधी आळशी ठरविले जाते, तर कधी बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे केले जातात. वस्तुतः यांपैकी अनेक कुटुंबांत विकाराचे मूळ मेंदूतील प्रथिनांच्या कार्यात असते.

मध्यमेंदूतील काही चेतापेशी डोपामाइन हे द्रव्य निर्माण करतात. शरीराच्या हालचाली सुरळीत होण्यास ते आवश्यक असते. या पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका कालांतराने निकामी होतात व त्या वेळीच दूर व्हाव्या लागतात. हे कार्य दोन प्रथिने मिळून करतात. ‘पिंक-१’ हे निकामी कणिकेवर साचते आणि ‘पार्किन’ या दुसऱ्या प्रथिनास जागे करते. दूषित विहिरीवर खूण करावी, तशी पार्किन त्या कणिकेवर खूण करते. मग पेशी ती पचवून टाकते. यांपैकी एखादे प्रथिन सदोष असल्यास निकामी कणिका साचतात व चेतापेशी नष्ट होऊ लागतात. पार्किनचे जनुक जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ साली शोधले. पिंक-१ चा या विकाराशी असलेला संबंध २००४ साली स्पष्ट झाला.

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. या प्रकारात दोन्ही प्रती सदोष असल्या तरच विकार होतो. म्हणून केवळ आईस दोष देणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकाराचा संभव २५ टक्के असतो. वाहक स्वतः सहसा निरोगी असतात. मामे-आते भावंडांच्या विवाहात हा संभव वाढतो.

लेव्होडोपा या औषधाने विकार मुळापासून बरा होत नाही. परंतु अशा तरुण रुग्णांस अल्प मात्रेतही बराच आराम पडतो. औषधाची मात्रा तज्ज्ञांनीच ठरवावी. ते एकाएकी बंद करू नये. हा प्रकार बहुधा संथ गतीने वाढतो आणि बुद्धी दीर्घकाळ शाबूत राहते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा तरुणास वेळीच मेंदूविकार तज्ज्ञाकडे पाठविले, तर त्याचे शिक्षण व रोजगार दोन्ही टिकू शकतील.