दात काढल्यानंतर जबड्याच्या हाडाचे जतन : एक विवेचन (खोडद परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

दात काढणे ही आपल्या समाजात उपचाराची अखेर मानली जाते. दुखणे थांबले, जखम भरली की रुग्ण तो विषय विसरतो. वस्तुतः जबड्याच्या हाडाच्या दृष्टीने तेथूनच एका नव्या प्रक्रियेचा आरंभ होतो. रेडिओ दुर्बिणीमुळे सर्वपरिचित झालेले खोडद आणि जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील आसपासची गावे यांचा विचार करता, दात काढण्याचा निर्णय बहुधा वेदना असह्य झाल्यावर घेतला जातो आणि कवळीचा विचार त्यानंतर कित्येक वर्षांनी होतो. मधल्या काळात हाड झिजलेले असते. ही झीज का होते, ती कितपत रोखता येते आणि त्यासाठी निर्णय केव्हा घ्यावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हाडाच्या झिजेचे स्वरूप :

ही प्रक्रिया मानवाइतकीच जुनी आहे. आंबेगाव तालुक्यातून वाहत येणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. तेथील मानवी अवशेषांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. अशा अवशेषांत एखादा दात जिवंतपणी पडला की मृत्यूनंतर निखळला, हे अभ्यासक हाडावरून ओळखतात. मृत्यूनंतर दात निखळला असेल तर खोबण रिकामी व धारदार कडांची राहते. जिवंतपणी गेला असेल तर ती भरून येते आणि हाडाची कड गुळगुळीत होऊन खाली बसते.

यामागील कारण शरीररचनेत आहे. दाताला धरून ठेवणारा जबड्याचा भाग म्हणजे दंतउलूखल अस्थी. तो दाताबरोबर वाढतो आणि दातासाठीच टिकतो. खोबणीच्या आतील पातळ अस्थिस्तरात दाताला बांधणारे तंतू रुतलेले असतात. दात निघाला की हे तंतू व त्यांतून होणारा रक्तपुरवठा नाहीसा होतो आणि तो स्तर शरीरात शोषला जातो. गालाच्या व ओठाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असल्याने तेथे झीज अधिक होते. परिणामी खोबण आतून नव्या हाडाने भरत असतानाच बाहेरून जबडा अरुंद होत जातो.

श्रॉप व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका वर्षात हाडाची रुंदी सरासरी १२ मिलिमीटरवरून ५.९ मिलिमीटर झाल्याचे आढळले. यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. टॅलग्रेन यांनी १९७२ मध्ये संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांपर्यंतचा आढावा मांडला. त्यानुसार खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होती. खालची कवळी सतत हलते, ही वृद्धांची नित्याची तक्रार यातून उलगडते. कवळी बसेनाशी झाली की बाजरीची भाकरी, भुईमुगाचे दाणे, कच्ची काकडी असे पदार्थ आहारातून गळतात. म्हणून हा प्रश्न सौंदर्याइतकाच पोषणाचाही आहे.

जतनाचे उपाय :

१) दात हळुवार काढणे : हाडाची भिंत न मोडता, अनेक मुळांची दाढ असल्यास तिचे भाग करून दात काढणे हा पहिला व सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.

२) खोबण भरणे : रिकाम्या खोबणीत अस्थिपूरक द्रव्य भरून त्यावर पातळ पटल ठेवतात आणि साधारणतः चार ते सहा महिने थांबतात. हे द्रव्य रुग्णाचे स्वतःचे हाड, दात्याचे मानवी हाड, गुरांच्या हाडापासून तयार केलेले खनिज किंवा कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट असू शकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी असून तेथे दात्यांच्या अस्थींवर किरणोत्साराने निर्जंतुकीकरण केले जाते. द्रव्याचा उगम रुग्णाच्या श्रद्धेशी निगडित असू शकतो. म्हणून तो आधी सांगून संमती घेणे आवश्यक आहे. या उपायाने झीज कमी होते, पूर्णतः थांबत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानेही लाभाची शक्यता मान्य करून उपलब्ध पुरावा अनिश्चित असल्याचे नमूद केले आहे.

३) तत्काळ रोपण : दात काढताच रोपण बसविल्यास हाड आपोआप टिकते, हा समज अराउजो, लिंढे आदींच्या २००५ मधील प्राण्यांवरील प्रयोगांत टिकला नाही. बाहेरील भिंतीची झीज रोपणानंतरही झाली.

४) मूळ राखणे : दाताचा माथा गेला तरी मूळ सुदृढ असल्यास रूट कॅनाल उपचार करून ते हिरडीच्या पातळीवर कापून राखता येते व त्यावर कवळी बसविता येते. क्रम व रूनी यांच्या १९७८ मधील पाच वर्षांच्या अभ्यासात, खालच्या सुळ्यांची मुळे राखलेल्या रुग्णांत जबड्याच्या पुढील भागातील झीज सरासरी ०.६ मिलिमीटर होती. सर्व दात काढलेल्यांत ती ५.२ मिलिमीटर होती. रोपण ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे त्यांच्यासाठी हा पर्याय विशेष मोलाचा ठरतो. मात्र राखलेल्या मुळाची रोजची स्वच्छता अनिवार्य आहे.

ग्रामीण संदर्भ :

प्रत्येक दात काढल्यावर खोबण भरण्याची गरज नसते. दुधाचे दात व अक्कलदाढा यांबाबत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. जेथे पुढे कृत्रिम दात बसवायचा आहे, तेथे तो महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, मिश्री लावण्याची सवय आढळते. तंबाखूच्या सेवनाने हिरड्यांना अपाय होतो व जखम भरण्यास अडथळा येतो. अनियंत्रित मधुमेहाचाही असाच परिणाम होतो. हाडे ठिसूळ होण्यावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वी तसे डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दंततपासणी हा परिचित कार्यक्रम आहे. किती दात काढले, एवढ्यावरच तिचे यश मोजू नये. दात किंवा निदान त्याचे मूळ वाचेल का, काढल्यास त्या जागी पुढे काय बसवायचे, हाड राखण्याचा खर्च किती, हे प्रश्न दात काढण्यापूर्वी विचारण्यास रुग्णाला प्रवृत्त करणे, हे प्राध्यापक व स्वयंसेवकांना सहज करता येण्यासारखे कार्य आहे.

निष्कर्ष :

१) दात गेल्यावर हाडाची झीज अटळ असून तिचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो.
२) अस्थिपूरक द्रव्याने झीज मर्यादित होते, मूळ राखणे हे अधिक परिणामकारक व अनेकदा कमी खर्चाचे असते.
३) जतनाचा निर्णय दात काढण्यापूर्वीच व्हावा लागतो. कवळीच्या वेळी तो घ्यावयाचा म्हटल्यास राखण्याजोगे हाड फारसे उरलेले नसते. रुग्णाला ही माहिती वेळेवर मिळणे, हाच जतनाचा पहिला उपाय होय.